घरचा कारखाना व डिजिटल यंत्रणा

एकत्र कुटुंबाच्या मालकीचे लहान कारखाने पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत पुष्कळ आहेत, आणि त्या घरांतून हल्लीं एक वाद वारंवार ऐकूं येतो. नुकताच अभियंता झालेला पुतण्या म्हणतो, "काका, प्रत्येक यंत्राला संवेदक बसवून सर्व उत्पादन संगणकावर घ्यावें." काका विचारतात, "आणि त्याच्या कर्जापायीं घर तारण ठेवावयाचें काय?" दोघांचेंही म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं.

विजेचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. न्यूयॉर्कमध्यें एडिसनचें वीजकेंद्र १८८२ सालीं सुरू झालें. परंतु अमेरिकन कारखान्यांचें उत्पादन विजेच्या बळावर झपाट्यानें वाढलें तें १९२० नंतर. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनीं १९९० सालीं याची मीमांसा केली. अनेक कारखानदारांनीं वाफेच्या एंजिनाच्या जागीं मोटार बसविली, पण माथ्यावरचा लांब दांडा व पट्टे तसेच ठेविले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देऊन सगळी मांडणी बदलली, तेव्हां कोठें विजेचें फळ पदरांत पडलें.

म्हणून खर्चापूर्वीं महिनाभर साध्या वहींत नोंद ठेवावी: यंत्र किती वेळ चाललें, ठरल्या गतीनें चाललें काय, आणि निघालेल्या नगांपैकीं चांगले किती. समजा, हीं प्रमाणें अनुक्रमें शेंकडा ८०, ९० व ९५ भरलीं. तर तिहींचा गुणाकार शेंकडा सुमारें ६८ च येतो. मग तूट कोठें आहे तें पाहावें. यंत्र कच्च्या मालाची वाट पाहत उभें राहत असेल, तर संवेदक तेवढेंच सांगेल. माल आणून देणार नाहीं. उलट, हत्यार झिजल्याचें उशिरां कळून नग वायां जात असतील, तर तेथें त्याचा उपयोग खरा.

ज्या एका यंत्रापाशीं सगळें काम तुंबतें, तेथें प्रथम प्रयोग करावा. खर्च भरून निघाला, कीं पुढील यंत्राचा विचार करावा. मात्र मोठें गिऱ्हाईक प्रत्येक नगाची नोंद मागूं लागलें असेल, तर दिरंगाईनें तें गिऱ्हाईकच हातचें जाईल, हें काकांनीं ध्यानांत घ्यावें.

घर तारण ठेवून सर्व यंत्रें एकदम बदलण्याचा बेत आम्हांस मान्य नाहीं. कारण ज्यांचें मत कोणी विचारलेलें नाहीं, अशीं माणसेंही त्या घरांत राहतात. वही मात्र पुतण्याच्या हातीं उद्यांच द्यावी, आणि नोंद करतांना यंत्रावरील जुन्या कारागिरासही शेजारीं बसवावें.