सूट बिलावर बघा, बोलण्यात नव्हे

पौष पौर्णिमेला म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. तिथला बैलबाजार आपल्या मुरबाड-शहापूरच्या माणसाला नवा नाही. बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो, मगच व्यवहाराला हात घालतो. तोच माणूस लाखभराची विजेवरची दुचाकी घ्यायला दुकानात गेला, की दाखवतील तिथे सही करून मोकळा होतो. सरकारी सवलत हातची जाते ती इथेच.

मध्यंतरी गावभेटीत एक दूध घालणारा शेतकरी भेटला. गाडी घेऊन तीन महिने झालेले. "साहेब, सबसिडीचा अर्ज कुठं करायचा? खात्यावर अजून काही आलं नाही," म्हणाला. बिल पाहिलं तर त्यावर सवलतीची ओळच नाही. दुकानात तोंडी सांगितलं होतं, "नंतर येईल."

हा घोटाळा होतो त्याला कारण आहे. पॉवर टिलर घेताना आपण आधी महाडीबीटीवर अर्ज करतो, पूर्वसंमती आल्यावर खरेदी करतो, बिल चढवतो आणि अनुदान खात्यावर येतं. विजेच्या दुचाकीला केंद्राने नेमकी उलटी रीत ठेवली. 1 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत गिऱ्हाइकाने कुठेही अर्ज करायचा नाही. सूट बिलातच वजा होते आणि कंपनी ती सरकारकडून नंतर वसूल करते. त्यासाठी दुकानदार आपल्या आधारवर ई-व्हाउचर काढतो, त्याची लिंक आपल्या मोबाइलवर येते, आपण सही करतो, मग दुकानदार सही करून ते पोर्टलवर चढवतो. एका आधारवर एकच गाडी. म्हणून व्हाउचरवर सही केलीत आणि बिलात रक्कम वजा नसेल, तर तिथल्या तिथे विचारा. ती सूट तुमच्या नावावर निघते, ती काही दुकानदाराची मेहरबानी नव्हे.

आता रकमेचं. बॅटरी किलोवॉट-तासात मोजतात. घाबरू नका, महावितरणच्या बिलात ज्याला युनिट म्हणतात तेच हे. 2021 च्या जूनपासून केंद्राची सूट युनिटमागे 15,000 रुपये होती, गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. 1 जून 2023 पासून ती 10,000 झाली आणि मर्यादा 15 टक्क्यांवर आली. 2024-25 मध्ये युनिटमागे 5,000, जास्तीत जास्त 10,000. 2025-26 मध्ये युनिटमागे 2,500, जास्तीत जास्त 5,000. दुचाकींसाठी या योजनेची मूळ मुदत 31 मार्च 2026 होती. म्हणजे शेजाऱ्याला तीन वर्षांमागे मिळालेली सूट आपल्याला मिळेल, हा हिशेब चुकीचा. ज्या दिवशी गाडी घ्याल त्या दिवशी केंद्राची सूट चालू आहे का आणि किती, हे आधी विचारा, मगच इसार द्या.

राज्याचं खातं वेगळं. मे 2025 मध्ये शासन निर्णय निघालेल्या महाराष्ट्राच्या विद्युत वाहन धोरणात दुचाकीला किमतीच्या 10 टक्के, कमाल 10,000 रुपये सूट आहे. धोरण 31 मार्च 2030 पर्यंतचं असलं तरी ही सूट राज्यभरातल्या एक लाख दुचाकींपुरतीच आहे. शिवाय मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ. तेव्हा आरटीओच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली, तर कशाकशाची ते लिहून मागा. ज्या कमी वेगाच्या गाडीला नोंदणीच लागत नाही, तिच्यावर केंद्राची सूट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाच हजार म्हणजे किती? 2025-26 च्या 2,369 रुपये हमीभावाने दोन क्विंटलांहून अधिक भात! पावसाच्या एका पिकावर घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

तेव्हा पक्क्या बिलावर मूळ किंमत, केंद्राची सूट, राज्याची सूट, विमा आणि चार्जर यांच्या वेगवेगळ्या ओळी मागा. चार्जरचे पैसे वेगळे घेतल्याचं प्रकरण 2023 मध्ये देशभर गाजलं आणि कंपन्यांना ते गिऱ्हाइकांना परत करावे लागले. राज्याची सूट मागाहून मिळणार असेल, तर तसं लेखी घ्या. पेट्रोलच्या गाडीशीही तुलना करा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. विजेच्या गाडीला तो 5 टक्के आहे. आणि एक पथ्य पाळा: पंपाची वीज फुकट आहे म्हणून शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि दंड सुटीपेक्षा जड जाईल.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती. आधारला मोबाइल जोडलेला नाही, एवढ्यावरून माणूस दुकानातून परत येतो. गावात एक दिवस बसून ही कामं उरकून घ्या. केंद्राचा आणि राज्याचा चालू दर फलकावर लिहा. म्हशाच्या यात्रेत एक टेबल मांडून लोकांची बिलं तपासून दिलीत, तर त्यालाही गर्दी होईल.

बैलाचे दात आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोजत नाही. बिलाच्या ओळीही स्वतःच मोजा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या, पण वाचल्याशिवाय सही करू नका.