तागडी त्यांची, वहीही त्यांचीच

मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि पसरले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, तेच आपले घरदार गिळतात, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. परकी सरकारलाही जे तत्त्व मान्य करावे लागले, ते आज संगणकाच्या बाजारात पुन्हा मागावे लागत आहे.

कार्यालये, कारखाने आणि सहकारी संस्था ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांत आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी जोडल्या जात आहेत. त्यांची आकारणी अनेकदा वापरानुसार, म्हणजे ‘टोकन’ किंवा ‘क्रेडिट’ मोजून होते. वापरानुसार दाम ही कल्पना मुळात अन्याय्य नाही. थोडे वापरणाऱ्या लहान संस्थेला ती ठोक वर्गणीपेक्षा न्याय्यच ठरेल. आक्षेप आहे तो माप, तागडी आणि वही ही तिन्ही विक्रेत्याच्याच हाती असण्याला.

सेल्सफोर्स कंपनीने २०२५ साली जाहीर केलेल्या दरांत एक लाख क्रेडिटना ५०० डॉलर आणि यंत्राच्या प्रत्येक ‘क्रिये’ला २० क्रेडिट असा हिशेब होता. म्हणजे एका क्रियेला दहा सेंट. मग दर सरळ पैशांत का सांगू नये? आणि एका कामात क्रिया किती, हे काम सांगणाऱ्या कारकुनाने आधी कसे ओळखावे? ओपनएआयने सप्टेंबर २०२४मध्ये आणलेल्या ‘ओ-वन’ प्रतिमानात यंत्राची मूळ विचारप्रक्रिया ग्राहकाला दाखवली जात नव्हती. तिच्या टोकनांचे पैसे मात्र उत्तराच्याच दराने लागत.

याचा मराठी माणसाशी थेट संबंध आहे. मे २०२४मध्ये याच कंपनीने नवी टोकनपद्धती आणताना स्वतःच प्रसिद्ध केले की, नमुन्यादाखल घेतलेल्या एका मराठी वाक्याचे पूर्वी ९६ टोकन होत, ते आता ३३ होतील. त्याच आशयाच्या इंग्रजी वाक्याचे पूर्वी अवघे २७ होत. म्हणजे टोकनागणिक दर असेल, तेथे मायबोलीत लिहिणाऱ्यावर साडेतीन पटींचा भुर्दंड पडत होता, आणि तोही बिलात कोठे न दिसता!

यावर सांगितले जाते की, यंत्राचा खर्च कामागणिक बदलतो, म्हणून नेमका हिशेब देता येत नाही. हा युक्तिवाद फसवा आहे. पैसे कापून घेण्यापुरता हिशेब ज्याला ठेवता येतो, त्याला तो दाखवता का येऊ नये? कोळशाचे भावही बदलतात. तरी महाराष्ट्रात वीजग्राहकाच्या दारी मीटर असतो आणि इंधन समायोजन आकार बिलात वेगळा दाखवावा लागतो.

या अपारदर्शकतेचा भार शेवटी कोणावर पडतो? बिल फुगले की व्यवस्थापन कर्मचाऱ्याला जाब विचारते, आणि त्याच्यापाशी तर दाखवायला आकडाच नसतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दर रुपयांत सांगा. काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज दाखवा. कोणत्या कामाला, कोणत्या प्रतिमानावर, किती टोकन लागले याचा तपशील बिलात द्या. ग्राहकाने ठरवलेली मर्यादा गाठताच आकारणी थांबवा. ग्राहकाने मागितल्याशिवाय कोणतीही सशुल्क सोय सुरू करू नका. आणि या मोजणीची तपासणी त्रयस्थ यंत्रणेकडून होऊ द्या. किराणा दुकानाच्या तराजूवर सरकारी शिक्का लागतो, मग या तराजूला सूट कशासाठी?

सहकारी संस्थांत आणि कामगार संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या कराराच्या वेळी सहीपूर्वी हे प्रश्न विचारावेत. दीडशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती. आपल्याला वाचता येते. पण ती आपल्यासमोर उघडलीच जात नाही. ती उघडायला लावणे हे आपले काम आहे.