पडवीतली सायकल



तुमच्या घरात सायकल आहे का हो? "आहे की," म्हणाल. मग तिच्यावर शेवटचं कोण बसलं होतं, तेवढं सांगा. बहुतेक घरांत ती पडवीत भिंतीला टेकून उभी असते. हँडलवर रिकामी पोती, कॅरियरवर जुनी दोरखंडं, आणि रात्री सीटवर कोंबडी. आमच्या वस्तीवरही तसंच होतं. थोरली आठवीत गेली तेव्हा मानव विकास कार्यक्रमातून तिला सायकल मिळाली. शाळा लांब असलेल्या मुलींना मिळते ती. पाच वर्षं पोरीनं तिच्यावर वडीगोद्रीची शाळा केली. बारावी झाली, पुढं शिकायला जालन्याला गेली, आणि सायकल कोंबडीला राहिली.

मी काही नवशिका नव्हे बरं का. आमच्या लहानपणी बाजारात तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. सीटवर पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडं घालून तिरकं तिरकं चालवायची. गुडघे फुटले, पण शिकलो. तेव्हा लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला की गावभर बोलबाला. पुढं १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं, डाव्या कालव्यानं या पट्ट्यात पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं फटफटी आली. वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण घरापासून गोठ्यापर्यंत जायलाही बटण दाबायची सवय लागली, ती कधी लागली ते कळलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, शेतकऱ्याला चालायला सांगता?" ते म्हणाले, "काल दिवसभरात काय केलं ते सांगा." सांगायला लागलो आणि गप्प झालो. नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणी मजुरानं, पाण्याची मोटार मोबाईलवरून चालू. मी काय केलं? फटफटीवर दोन चकरा आणि फाट्यावर तीन चहा. चालून गुडघे दुखतात असं कुरकुरलो, तर म्हणाले, "मग सायकल काढा. अंगाचं ओझं सीट घेतं, गुडघ्याला त्रास कमी."

काढली. पहाटे, कुणी उठायच्या आत. शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत गेलो असेन, भाता फुटल्यासारखा दम लागला. मांड्या थरथरायला लागल्या. उतरलो आणि हातात धरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी हट्टानं फाट्यापर्यंत नेली, तर चहाच्या हॉटेलावरून आवाज आला, "काय भाऊ, पेट्रोल संपलं का? का पोरीची सायकल विकायला काढली?" सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन सायकल पुन्हा भिंतीला लावली. खरं सांगतो, दमापेक्षा ते हसणं जास्त लागलं. आपल्याकडं सायकल म्हणजे पोराटोरांची नाहीतर गरिबाची, हे डोक्यात घट्ट बसलंय.

दोन महिने ती तिथंच होती. मग माझ्या चुलतभावाच्या पायाला खुरपं लागलं. साखरेमुळं त्या पायाला संवेदनाच नव्हती, जखम चिघळेपर्यंत त्याला पत्ता नाही. अंगठा काढावा लागला. माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी लहान. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी सायकलवरची पोती खाली उतरवली.

या खेपेला मात्र घाई केली नाही. आधी तिला मिस्त्रीकडं नेलं. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या सायकलचं टायर तडकतं, ब्रेकचे रबर दगडासारखे होतात, चेन गंजून जाते. चेन डिझेलनं पुसून तेल दिलं, ब्रेकचे रबर बदलले, हवा टच्च भरली. कमी हवेची सायकल म्हणजे चिखलातली बैलगाडी. आपल्याला वाटतं आपलेच पाय गेले, आणि पाय नसून चाकं बसलेली असतात. पहिल्या दिवशी माझं निम्मं ते होतं.

सीटचं गणित कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिले चार दिवस सीट खालीच ठेवा, दोन्ही पाय भुईला टेकले पाहिजेत, म्हणजे पडायची भीती जाते. तोल आला की पाना घेऊन वर करा. किती? सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला की सीट बरोबर. मग चवड्यानं पायडल मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. खालच्या सीटवर रोज चालवाल तर गुडघे दुखतीलच, आणि नाव सायकलचं होईल. आणि हो, मुलींच्या सायकलला मधली दांडी नसते, त्याची लाज धरू नका. पन्नाशीनंतर टांग मारून चढण्यापेक्षा समोरून पाय घालून बसणं शहाणपणाचं. धोतराला तर ती सोन्याहून पिवळी.

पहिला आठवडा मी घड्याळ लावून दहा मिनिटंच चालवली, एक दिवस आड. दुसऱ्या आठवड्यात पंधरा. बैठक दुखते, दोन-तीन आठवडे दुखतेच, पुढं अंगवळणी पडतं. वेग किती ठेवायचा? शेजारी कुणी असलं तर त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की हळू व्हा, चढ आला तर उतरून चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं बेताचा व्यायाम सांगते. पाच दिवस रोज अर्धा तास झाला की हिशोब जुळतो. मला तिथवर यायला तीन महिने लागले. जाताना वाऱ्याच्या तोंडाशी जावं आणि येताना पाठीवर वारा घ्यावा. उलटं केलं तर परतताना रडकुंडीला याल. माझं एकदा झालंय.

छातीत दडपण आलं, डावा हात भरून आला, तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि खिशात गुळाचा खडा ठेवा. घाम फुटून हातपाय कापायला लागले तर तो खडा लगेच तोंडात. साखर कमी झाली तरी माणूस पडतो.

रस्त्याचं म्हणाल, तर धुळे-सोलापूर महामार्गावर या कामासाठी जाऊच नका. जालना रस्त्यावरही उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, त्यांना सायकल दिसत नाही. आपली शिवारातली वाट बरी. अंधारात निघाल तर पांढरा सदरा घाला आणि मागच्या मडगार्डाला चमकणारी लाल पट्टी लावा. काळ्या रानात पाऊस झाला की त्या दिवशी सुट्टी, चिखल मडगार्डात बसून चाक जाम होतं. आणि घरी आल्यावर टायरवरून डोळा फिरवा. बाभळीचा काटा लगेच दिसला तर निघतो, दुसऱ्या दिवशी तो पंक्चरच करतो.

नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली पाळीपाळीनं सायकल चालवत अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पार केली. त्यांना नमस्कार. आपल्याला शिवेपर्यंत जाऊन परत यायचंय. मला जास्त आठवतात त्या तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या बाया. १९९० नंतर तिथं साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली, आणि लाखभर बायका शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. लोक त्यांनाही हसले असतीलच की.

हे मी घरात वाचून दाखवलं, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "मग मी काय पाप केलंय?" मी म्हटलं, "गुडघा फुटला तर मला बोलायचं नाही." आता रोज संध्याकाळी खळ्यात मी मागून कॅरियर धरतो आणि त्या हँडल धरतात. पदर खोचून, निऱ्या जरा वर घेऊन, चेनच्या बाजूनं साडी आत दाबून. कालपासून दोनदा मी हात सोडला, ते त्यांना कळलं नाही. फाट्यावरचा तो हसणारा गडी परवा हळूच विचारत होता, "भाऊ, जुनी सायकल कुठं मिळंल?" त्याचीही साखर निघालीय.

घरच्या घरी पंक्चर कसं काढायचं, ते पुढच्या खेपेला.