बहिणी म्हणण्याची सोय

‘सेलर मून’ या जपानी चित्रमालिकेचे तिसरे पर्व २००० साली इंग्रजी रूपांतरात अमेरिकेत दाखविण्यात आले, तेव्हा रूपांतरकारांपुढे एक पेच होता. नाओको ताकेउची यांच्या मूळ कथेतील हारुका आणि मिचिरू या युवती एकमेकींच्या प्रेयसी आहेत. १९९४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर ते काही लपवून ठेवलेले नव्हते. रूपांतरकारांनी त्यांना सरळ ‘कझिन’ करून टाकले. (मराठीत हे काम इतके सोपे गेले नसते, चुलत, मामे, आते की मावस, हे आधी ठरवावे लागले असते!) संवाद बदलले, पण चित्रे तीच राहिली. परिणाम असा झाला की, दोन युवतींचे प्रेम दिसण्याऐवजी दोन बहिणींमधले काही भलतेच प्रेक्षकांना दिसू लागले. नको ते टाळण्याच्या भरात त्याहून नको ते पदरी पडले.

मुलांच्या पडद्यावर काय यावे, हे ठरविण्याचा पालकांचा आणि प्रसारकांचा अधिकार कोणी नाकारू नये. तो भाग दाखवायचाच नाही, असे ठरले असते तर त्यावर उघड वाद तरी झाला असता. खोटे नाते चिकटविल्याने तोही मार्ग बंद झाला.

अशा विषयावर आपल्याकडे ‘हे पश्चिमेचे खूळ’ एवढे म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. येथे इतिहास नेमका उलटा आहे. कथा पूर्वेची, आणि लपवाछपवी पश्चिमेची! जपानमध्ये १८९९ च्या आदेशानंतर प्रांतोप्रांती मुलींच्या माध्यमिक शाळा निघाल्या. त्या शाळांमध्ये थोरली आणि धाकटी विद्यार्थिनी यांच्या उत्कट मैत्रीला ‘सिस्टर’ या शब्दावरून ‘एस’ असे सांकेतिक नाव पडले. विवाहापूर्वीचा एक टप्पा म्हणून समाजाने त्याकडे बऱ्याच अंशी कानाडोळा केला. नोबुको योशिया यांनी १९१६ पासून ‘हाना मोनोगातारी’ म्हणजे फुलांच्या कथा लिहून त्या भावविश्वाला वाङ्मयात स्थान दिले. योशिया यांच्यापुरता मात्र तो टप्पा नव्हता. चियो मोन्मा यांच्याशी त्यांची १९२३ मध्ये भेट झाली आणि पुढे १९७३ मधील योशिया यांच्या मृत्यूपर्यंत ती सोबत टिकली. कायद्यात त्या नात्याला जागा नव्हती, म्हणून १९५७ मध्ये योशिया यांनी मोन्मा यांना रीतसर दत्तक घेतले. सहचारिणीला कागदावर कन्या व्हावे लागले.

पुढच्या पिढीतील र्‍योको यामागिशी यांच्या १९७१ च्या चित्रकथेत अशा प्रेमाचा शेवट एकीच्या मृत्यूत झाला. या कथाप्रकाराला ‘युरी’, म्हणजे लिली, हे नाव लाभले ते १९७६ मध्ये बुन्गाकु इतो या संपादकांनी रूढ केलेल्या शब्दावरून. नंतर बाजार आला. २००३ आणि २००५ मध्ये केवळ अशाच कथांची नियतकालिके निघाली आणि मुलींचे हळवे भावविश्व पुरुष वाचकांच्या करमणुकीसाठीही विकले जाऊ लागले. पालकांना चिंता वाटावी असे त्यात पुष्कळ आहे.

परंतु वाचक केवळ गिऱ्हाईक राहिले नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत हौशी चित्रकथाकारांचा ‘कॉमिकेट’ हा पहिला मेळावा भरला. ३२ मंडळे, सुमारे ७०० माणसे, आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली. आवडत्या पात्रांची पुढची कथा आपणच रचायची, ही ती परंपरा. आज ती महाजालावर जगभर पसरली आहे. त्यात कचरा विपुल आहे, आणि अश्लीलही. तरीही हारुका-मिचिरूंना ज्यांनी पुन्हा प्रेयसी केले, ते हेच हौशी लेखक होते; मूळ जपानी भाग मिळवून, पाहून, त्यांनी रूपांतरातील खोट ओळखली होती.

जपानी व्यवसायालाही ही सोय पुढे मोह घालू लागली. ‘गंडम’च्या २०२२-२३ मधील मालिकेत सुलेत्ता आणि मिओरिने पहिल्याच भागात वाग्दत्त होतात आणि शेवटी दोघींच्या बोटांत अंगठ्या दिसतात. त्यानंतर एका मासिकातील मुलाखतीत त्यांच्या ‘विवाहा’चा उल्लेख छापला गेला, डिजिटल आवृत्तीतून तो गाळण्यात आला, आणि अर्थ प्रेक्षकांनी आपापला लावावा असा खुलासा आला. प्रेक्षकांनी तो केव्हाच लावला होता. छापील अंकही तोवर घरोघर पोचले होते.