कॅमेरा आला, शिपाई गेला

महाराष्ट्रात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील सीसीटीव्हीसाठी पैसा प्रामुख्याने जिल्हा नियोजनाच्या निधीतून येतो. खासगी शाळांनी तो स्वतः उभा करायचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, 20 तारखेला संतप्त नागरिक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. महिनाभरात कॅमेरे बसवा, अन्यथा अनुदान रोखू किंवा मान्यता काढू, अशी तंबी खासगी शाळांना मिळाली. सुरक्षेसाठी अनुदान देण्याऐवजी अनुदान बंद करण्याचा धाक, ही सरकारी तऱ्हाच म्हणायची.

कॅमेरा एकदाच विकत घ्यावा लागतो. तो चालू ठेवण्याचा खर्च मात्र संपत नाही. हार्ड डिस्क बिघडते, वीजबिल थकते. समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये आणि 100 पर्यंतच्या शाळेला 25 हजार. खडू, हजेरीपट, वीज, किरकोळ दुरुस्ती सारे त्यातच भागवायचे. आठवड्यातून किमान तीनदा मुख्याध्यापकांनी चित्रीकरण तपासावे, असा आदेश आहे. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले की दुसरे सगळे वर्ग एकट्याने सांभाळतात. तिथे पडद्यासमोर बसणार कोण?

खरी उणीव फाटकाशी आहे. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपाई, पहारेकरी यांसारखी पदे रिक्त होतील तशी संपवून त्याजागी ठोक भत्ता आणला: मुंबई-पुण्यात दरमहा 10 हजार, ग्रामीण भागात 5 हजार. एवढ्या पैशांत दिवसभर थांबणारा माणूस मिळणे कठीण. मिळाला तरी टिकत नाही आणि दर नव्या माणसाची चारित्र्य पडताळणी पुन्हा करावी लागते. कोणाला आजोबा न्यायला येतात, कोणाला रिक्षावाले काका, हे जुन्या शिपायाला तोंडपाठ असते. अनोळखी माणूस तो फाटकातच हटकतो. कॅमेऱ्यात तोच माणूस दिसतो, पण बहुधा घटना घडून गेल्यावर.

कॅमेरे हवेतच; तपासात त्यांचा पुरावा मोलाचा ठरतो. मात्र जिल्हा नियोजनाच्या निधीत देखभालीची वेगळी तरतूद करावी आणि येत्या अर्थसंकल्पात शिपाई भत्ता किमान वेतनाशी जोडावा.