विज्ञानशिक्षकांच्या मासिक बैठकीसाठी : शिक्षण संचालनालयास खुले पत्र

प्रति,
शिक्षण संचालनालय,
दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव प्रशासन,
सिल्वासा

विषय : इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षकांचे प्रशिक्षण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. ते तास कशात घालवायचे, हे मात्र बरेचसे स्थानिक प्रशासनाच्या हाती राहते. सोपा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे : दीक्षा पोर्टलवरचा अभ्यासक्रम उघडायचा, चित्रफिती पाहायच्या, शेवटची प्रश्नावली सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. माहिती पोहोचवण्यापुरता हा मार्ग उपयोगी आहे. विज्ञान शिकवण्याचे कसब त्यातून येत नाही, कारण ते बरेचसे हातांत असते आणि वर्गात ऐनवेळी काय सुचते त्यावर अवलंबून असते. नगर हवेलीतल्या विज्ञानशिक्षकांचे हे 50 तास शाळेच्या दहा महिन्यांत दरमहा पाच तासांच्या बैठकीत वाटावेत, अशी या पत्रातील मागणी आहे. हिशेब बरोबर जुळतो, आणि ही पद्धत देशात पूर्वी वापरूनही झालेली आहे.

विज्ञानाच्या तासाला नेमके काय अवघड असते, ते एका साध्या प्रयोगावरून कळते. दोन तापमापक घ्यायचे. एक टेबलावर ठेवायचा, दुसरा जाड गोधडीत गुंडाळायचा. अर्ध्या तासाने कोणता जास्त तापमान दाखवेल? सहावी-सातवीच्या वर्गात बहुतेक हात गोधडीच्या बाजूने वर जातात. गोधडी ऊब देते, हा रोजचा अनुभव आहे. पण उघडून पाहिले की दोन्ही तापमापक सारखेच आकडे दाखवतात. मुलांच्या मनात खरा प्रश्न इथे उभा राहतो : मग थंडीत गोधडी पांघरल्यावर ऊब येते कुठून? ऊब शरीराची असते, गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, हे उत्तर आता मुलांना हवे असते. तेच वाक्य पहिल्या मिनिटाला फळ्यावर लिहिले असते, तर वहीत उतरले असते आणि तिथेच राहिले असते.

आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण अशा या क्रमाला विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासात मोठे स्थान आहे. रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांनी 1992 च्या त्यांच्या पुस्तकात तो पद्धतशीर मांडला. त्याची मदार अंदाजावर असते. प्रत्येक मुलाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण प्रयोगाआधी लिहून काढायचे असते. ही पायरी गाळली, तर प्रयोगाची करमणूक होते : मुले टाळ्या वाजवतात आणि आपली जुनी समजूत जशीच्या तशी घरी नेतात. प्रयोग करणाऱ्या शिक्षकालाही नेमके हेच टाळता आले पाहिजे, आणि ते चित्रफीत पाहून येत नाही.

दुसरे कसब आणखी साधे वाटते, पण अंगवळणी पडायला कठीण. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात उत्तरे लांबली, कारणांसहित येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ज्या मुलाला घरची वारली बोली मनातल्या मनात मराठीत किंवा गुजरातीत आणून उत्तर द्यावे लागते, त्याला या तीन सेकंदांची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे.

साधनांची उणीव हे प्रयोग न करण्याचे नेहमीचे कारण. ते काही अंशी खरे आहे. पण पुण्यातील अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या, त्याला चार दशके झाली. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन डगमगतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. शिवाय नगर हवेलीची स्वतःची सामग्री पुष्कळ आहे आणि ती पाठ्यपुस्तकात क्वचितच येते.

तारपा घ्यावा. वाळवलेल्या भोपळ्याची पोकळी, बांबूच्या नळ्या, कंप पावणारी पट्टी, ताडाच्या पानांचे कर्णे आणि सांधे बुजवायला मेण. ध्वनीच्या धड्यातले कंपन, हवेचा स्तंभ, स्वराची उंची, अनुनाद असे जवळजवळ सारे या वाद्यात आहे. छिद्रे उघडत गेली की कंप पावणारा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि स्वर चढतो. गावातला तारपा वाजवणारा एक दिवस वर्गात आला आणि त्याने एकेक छिद्र उघडत दाखवले, तर तो तास मुलांच्या कायमचा लक्षात राहील. त्यासाठी शिक्षकाने आधी स्वतः नळी फुंकून, छिद्रे मोजून, स्वर का बदलतो हे तपासलेले असावे लागते. तशी संधी त्याला आज कुठेच मिळत नाही.

पावसापूर्वीचा राबही तसाच. भाताच्या रोपवाटिकेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. राखेतून पोटॅश मिळते, उष्णतेने तणाचे बी मरते, नत्र मात्र बराचसा हवेत निघून जातो. दोन जुन्या घमेल्यांत हा प्रयोग वर्गात मांडता येतो : एकात राब केलेली माती, दुसऱ्यात न केलेली, दोन्हींत मोजून सारखेच दाणे. रोपे मोजायची, तण मोजायचे, उंची मोजायची, आठवड्याला नोंद ठेवायची. तुलनेचा प्रयोग म्हणजे काय, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे इथे आपोआप येते. त्याच ओघात, झाड अन्न मातीतून घेते ही पक्की समजूत एका जुन्या प्रयोगाच्या गोष्टीने हलवता येते. शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मोंट यांनी विलोचे झाड पाच वर्षे कुंडीत वाढवले. 1648 साली छापलेल्या त्यांच्या नोंदीनुसार झाडाचे वजन 164 पौंड वाढले आणि 200 पौंड मातीतून केवळ दोन औंस कमी झाले. उरलेले वजन पाण्याचे, असा त्यांचा निष्कर्ष अर्धवट होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबात नव्हता. शास्त्रज्ञही चुकतो आणि पुढचा त्याला दुरुस्त करतो, हे मुलांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट मिळणे कठीण. स्थानिक सामग्री आणखीही आहे : मधुबन धरणाची भिंत तळाशी रुंद का, हे बाटलीला तीन उंचींवर भोके पाडून समजते. सुताच्या कारखान्यांत पालक कामाला असलेल्या मुलांसाठी पॉलिस्टर हा घरचा विषय आहे.

भाषेचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. या प्रदेशात गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा शेजारी-शेजारी चालतात. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीच्या लोकसंख्येचा निम्म्याहून अधिक भाग आदिवासी होता, आणि वारली, कोकणा, धोडिया मुलांच्या घरची बोली यांपैकी कोणत्याच माध्यमाशी पूर्ण जुळत नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1970 च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. केंद्राचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांना मुलांच्या अडचणीचे एक मोठे मूळ पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दिसले. विज्ञानाचा आशय तोच ठेवून मराठी सोपी केली, की मुलांची समज सुधारते, हे त्यांनी दाखवले. मराठी मातृभाषा असलेल्या मुलांची ही कथा, तर वारली घरातील मुलांचे काय होत असेल, याचा विचार संचालनालयाने करावा.

या मुलांपर्यंत शिक्षण कसे न्यावे, याचा सर्वात मोठा धडा सिल्वासापासून फार दूर नाही. डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1957 पासून वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. त्यांच्या बालवाड्यांत शिंपले, बिया, दगड, पाने हीच साधने होती. कोसबाद बालशिक्षणासाठी गाजले. विज्ञानशिक्षणाने त्याचा वारसा अजून पुरेसा उचललेला नाही.

शिक्षकांच्या घडणीसाठी मात्र होशंगाबादकडे पाहावे लागते. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी 1972 साली मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याच्या 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये तो उपक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, 1982 नंतर एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला आणि हळूहळू इतर जिल्ह्यांतही नेला. 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्यातील ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके, किट, मुलांनी सवालीराम या काल्पनिक पात्राला लिहिलेली पत्रे यांची चर्चा खूप होते. पण उपक्रमाचा कणा होता शिक्षकांची मासिक गोष्ठी. सुट्टीत शिक्षकांचे प्रशिक्षण होई आणि त्यात शिक्षक विद्यार्थ्यांसारखे बसून सारे प्रयोग स्वतः करत. मग वर्षभर जवळपासच्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला एका केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, पुढचा धडा कसा करायचा, यावर बोलणे होई. विद्यापीठांतील प्राध्यापक तिथे येत, तेव्हा तेही प्रयोग करायला बसत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी असे आणि प्रात्यक्षिकाला गुण असत. ही शेवटची बाब विसरता कामा नये. परीक्षेत व्याख्या विचारली जात असेल, तर शिक्षक व्याख्याच शिकवणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

अशा बैठकीत शिक्षकाला आपली अडचण मोकळेपणाने मांडता येते. एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर देऊन बल्ब पेटवायला सांगितले, तर पुष्कळ पदवीधरांना ते लगेच जमत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पदवीदान समारंभात हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा तिथेही अनेक जण अडखळले. हे ठाऊक असलेला शिक्षक सहकाऱ्यांसमोर बल्ब न पेटण्याची लाज बाळगत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तपासणीत तो बल्बला हातच लावत नाही.

नगर हवेलीचे क्षेत्र लहान आहे : दादरा धरून 491 चौरस किलोमीटर. सिल्वासा ते दुधनी सुमारे 40 किलोमीटर. एवढ्या प्रदेशात सिल्वासा, नरोली, खानवेल आणि मांदोनी या चार ठिकाणी बैठकी घेतल्या, तर कोणालाही फार लांब जावे लागणार नाही. शिक्षकांना तो दिवस ऑन ड्यूटी धरावा आणि प्रवासभत्ता त्याच महिन्यात मिळावा. त्या दिवशी सर्वेक्षण, निवडणूक याद्या किंवा अन्य काम लावू नये. पाच तासांपैकी पहिले दोन पुढच्या महिन्यातल्या धड्यांचे प्रयोग हाताने करण्यात जावेत, तिसरा एका शिक्षकाच्या पाठाच्या निरीक्षणावर बोलण्यात, चौथा मुलांच्या वह्यांत, त्यांनी लिहिलेल्या अंदाजांत डोकावण्यात, आणि पाचवा स्थानिक सामग्रीवर. माध्यमांची मिसळण होऊ द्यावी. गुजराती माध्यमाचा शिक्षक आणि मराठी माध्यमाचा शिक्षक एकाच बाकावर बसून तोच प्रयोग करतील, आणि वारली मुलांना तो कसा समजावला, हे एकमेकांना सांगतील.

साधनव्यक्ती बाहेरून आणायची गरज फारशी नाही. दोकमर्डीच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालयातील विज्ञानाचे प्राध्यापक, नमो वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाविज्ञानाचे शिक्षक आणि कारखान्यांतील अभियंते यांना आळीपाळीने बोलावता येईल. त्यांनी भाषण न करता शिक्षकांबरोबर बाकावर बसावे, एवढीच अट असावी. प्रत्येक शाळेला वर्षाला थोडी रक्कम खरेदीसाठी द्यावी, आणि तिच्या पावत्यांत सायकल ट्यूब, फुगे, मेणबत्त्या, सुतळी, गावातल्या भोपळ्याचा तुकडा असे किरकोळ सामान मान्य व्हावे. आज शिक्षक अशा वस्तू स्वतःच्या खिशातून आणतो, किंवा आणतच नाही.

पहिल्या वर्षानंतर उपक्रमाची तपासणी करताना किती प्रमाणपत्रे दिली, हे मोजून फारसे हाती लागणार नाही. प्रत्येक समूह साधन केंद्रातून (सीआरसी) काही वर्ग निवडून तिथे तासभर शांत बसावे आणि नोंद घ्यावी : मुलांनी किती प्रश्न विचारले, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबला, प्रयोगाआधी अंदाज लिहिले गेले का, मुलांनी साधने स्वतः हाताळली का. तशाच नोंदी दुसऱ्या वर्षीही त्याच वर्गांत घ्याव्यात, आणि दोन्ही वर्षांच्या नोंदी आधी शिक्षकांच्या बैठकीत ठेवाव्यात, मगच संचालनालयाच्या फाइलीत.