जॉइंटचे पैसे वेगळे मागा

फार्महाउसवर बार्बेक्यू काउंटर करून द्यायची कामं हल्ली आपल्याकडे येतात. जीआय फ्रेम, त्यावर सिमेंट बोर्ड, वरून स्टुको टेक्स्चर. मार्जिन बरं सुटतं. पण माझं मत स्पष्ट आहे: कोटेशनमध्ये जॉइंटचं काम वेगळं लिहा, आणि गिऱ्हाईक म्हणालं "ते काढा, स्वस्तात बसवा", तर काम सोडा.

बोर्ड ऊन-पावसात किंचित हलतो, भेग जॉइंटवरच पडते. म्हणून जॉइंट पॉलिमर मॉर्टरने भरून त्यावर अल्कली-रेझिस्टंट फायबर टेप, मग सगळ्या बोर्डावर मेश दाबून पातळ बेस कोट. तो नीट वाळला की मगच टेक्स्चर. साधा वाळू-सिमेंटचा जाड गिलावा थापलात तर पोपडे सुटणारच. स्क्रू गंज न धरणारे घ्या.

पहिल्या कामात मी टेप वाचवली. पावसाळा संपला आणि काउंटरवर बोर्डाच्या मापाच्या चौकटी उमटल्या! सगळं खरवडून पुन्हा केलं, फुकट. त्या गिऱ्हाइकाने पुढे कुणाला माझं नाव सुचवलं नाही, ते वेगळंच.

आत सिलिंडर ठेवणार असतील तर तळाशी जाळी सोडा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. याचे पैसे मात्र मी लावत नाही.